किंमत सुट्ट्या पैशांत

बुलढाणा,
रविवार

चि. पोरीस,



तुझा मेसेज परवाच वाचला. नुसता अंगठा पाठवून भागेल असा तो प्रश्न नव्हता, म्हणून आज उपासनेहून आल्यावर कागद घेऊन बसले. तुमच्या पुण्याच्या फेलोशिपमध्ये शिष्यत्वाचा वर्ग चालू आहे. दर आठवड्याला एक पुस्तिका आणि मागच्या पानावर तक्ता: किती अध्याय वाचले, किती वेळ प्रार्थना केली, किती जणांना साक्ष दिली, किती जणांना सभेला आणलं. तुझे शेवटचे दोन रकाने कोरेच राहतात. म्हणून तू विचारतेस, ‘मावशी, मी ख्रिस्ताची शिष्या आहे, की नुसती ख्रिस्ती घरात जन्मले म्हणून ख्रिस्ती?’

पहिले दोन रकाने भरत राहा. वचन वाचून आणि प्रार्थना करून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. पण शिष्य असण्याचा हिशेब त्या पानावर मावत नाही, हे तुलाही जाणवलं असणार, नाहीतर तू विचारलं नसतंस.

आधी आपल्या घराचं सांगते. आपल्या भागात ख्रिस्ती असणं म्हणजे कित्येक वर्षं मिशनचं माणूस असणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक वऱ्हाडात आले. अकोला त्यांचं मोठं ठाणं, मग खामगाव, बुलढाणा, मलकापूर. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी अनाथ लेकरं सांभाळली. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, त्या लेकरांतलेच एक. पुढे ते सुवार्तिक झाले. खांद्याला पुस्तकांची पिशवी लावून धाड, देऊळघाट, मोताळा असे बाजार करायचे. घर मिशनचं, पगार मिशनचा, शाळा मिशनची, विहीरही मिशनची. ज्या माणसाला गावच्या विहिरीला हात लावायची चोरी होती, त्याला स्वतःचा पोहरा सोडायला एक विहीर मिळाली. याचं मोल ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना कळायचं नाही. त्या साहेब-मडमांना मी नावं ठेवणार नाही.

पण त्या मिशन कंपाउंडात एक घोळ झाला, तो अजून निस्तरलेला नाही. मिशनचा माणूस म्हणजेच ख्रिस्ताचा शिष्य, असं आपण धरून चाललो. साहेब गेले, बंगले राहिले. आज कितीतरी मंडळ्यांचा सगळा जोर ट्रस्टच्या निवडणुकीत, जागेच्या भांडणात आणि कोर्टाच्या तारखांत जातो. प्रभुभोजनाच्या मेजाशी शेजारी गुडघे टेकलेले दोघं सोमवारी एकमेकांविरुद्ध वकील देतात. कंपाउंडाची भिंत राखणं हीच भक्ती, असं त्यांना खरोखर वाटतं.

हा घोळ शंभर वर्षांपूर्वी ज्यांना स्वच्छ दिसला ते ना. वा. टिळक. संडेस्कूलमध्ये तू त्यांची गीतं पाठ केलीस, पण त्यांचं शेवटचं पाऊल तुम्हांला कुणी शिकवलं नसेल. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातलग तुटले, बायको-मुलगा दुरावले. इतकं मोजल्यावर कुणीही म्हणेल, झालो मी शिष्य. टिळकांना तसं वाटलं नाही. बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. कुणाच्या पगारावर न जगणारा, या मातीतला ख्रिस्ताचा परिवार त्यांना हवा होता. ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही. तो टिकला की मोडला, याचं मला तितकं वाटत नाही. मी ती बावीस वर्षं धरून बसते. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळं सोडलेल्या माणसाला इतक्या वर्षांनी कळलं, की अजून एक गोष्ट सोडायची राहिली आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तर त्याहून वेगळं. नवऱ्याने एका उडीत जे केलं, त्याला या बाईंना पाच वर्षं लागली. त्या रडल्या, भांडल्या, लेकराला घेऊन माहेरच्या माणसांत पंढरपुरी राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं सुटेना. मग एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला, की ही जातपात देवाने केलेली नव्हे, माणसांनी केलेली. आणि ज्याच्या-त्याच्या हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या कपाटात आहे, तो भाग काढून वाच. कुणी वर्ग घेतला नाही, कुणी तक्ता तपासला नाही. दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरलं, तिथे बाई शिष्या झाली असं मी मानते. पाळकाने डोक्यावर पाणी नंतर घातलं.

तुमच्या पुस्तिकेत जर्मन पाळक बोनहोफरचं नाव असेलच. शिष्यत्वावरच्या पुस्तकांत ते येतंच येतं, आणि यायलाही हवं. १९३७ साली त्याने शिष्यत्वाच्या किमतीवर पुस्तक लिहिलं, हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवली नाही आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. अशी चरित्रं वाचली की अंगावर काटा येतो आणि मग आपल्याला वाटतं, आपल्या वाट्याला तसा प्रसंग आला तर आपणही उभे राहू. गडबड इथेच होते. त्याच्याकडे किंमत एकरकमी मागितली गेली. आपल्याकडे ती सुट्ट्या पैशांत मागतात, रोज थोडी थोडी, म्हणून कुणी मागतच नाही असा आपला समज होतो.

सुटे पैसे म्हणजे काय, ते सांगते. पहिलं सगळ्यांत अवघड, ज्यावर आपल्या देवळात कुणी उपदेश करत नाही. जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. महाराष्ट्रात अशांना इतर मागासवर्गात धरतात, पण ते निराळं. म्हणून आपल्या किती घरांत माणूस देवळाच्या नोंदवहीत एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा असतो, हे तुला ठाऊक आहे. बाहेरचे याला लबाडी म्हणतात. मला तो शब्द इतक्या सहज उच्चारता येत नाही. ज्या गावात धर्म बदलला तरी जात बदलली नाही, तिथे सरकारचा कागदच खोटं बोलतो, माणूस नंतर. तरीही शिष्याला रात्री झोप लागण्याआधी या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. काहींनी खरं लिहून नोकरी गमावली, काहींनी लेकरांसाठी गप्प राहायचं ठरवलं. मी दोघांच्याही घरी जेवते. मी एवढंच पाहते, की गप्प राहिलेला माणूस खरं लिहिणाऱ्याला वेडा म्हणतो का, आणि खरं लिहिणारा गप्प राहिलेल्याला दगड मारतो का. तसं होत असेल, तर दोघंही वर्गातून उठून गेलेले आहेत.

दुसरं माझ्या कामातलं. सरकारी दवाखान्यात मी उभी हयात नर्स म्हणून काढली. आपल्या जिल्ह्याचं दुखणं तुला सांगायला नको. कापूस गेला, सोयाबीन गेलं, कर्ज राहिलं, की रात्री-अपरात्री फवारणीचं औषध प्यालेला माणूस जीपमधून यायचा. कपड्यांना तो उग्र वास, तोंडाला फेस, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. पोट धुवायचं, अॅट्रोपिन सुरू करायचं, दर थोड्या वेळाने बुबुळं आणि नाडी बघत राहायचं. अॅट्रोपिन चढलं की माणूस बरळतो, हवेत हात मारतो, मग हात पट्टीने खाटेला बांधावे लागतात. बाहेर बायको पदर तोंडात धरून बसलेली. आणि वार्डात येणारा जो तो तिला, त्याला, आम्हांला एकच विचारायचा: का प्याला?

आमच्याकडे एक आयाबाई होत्या, भीमनगरातल्या. एकदा एका नव्या सिस्टरने शुद्धीवर येणाऱ्या माणसाला तोच प्रश्न केला, तशा बाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, ‘सिस्टरबाई, काहून पेला म्हून त्याले इचारू नोका. आधी जगू द्या त्याले.’ फडकं बाजूला ठेवून, हात धुऊन त्या बाहेर गेल्या, त्याच्या बायकोला स्वतःच्या डब्यातली भाकर दिली आणि ती खाईपर्यंत जवळ बसल्या. ड्यूटी संपली होती, तरी बसल्या.

या बाईंना मी ख्रिस्ताची शिष्या म्हणणार नाही. त्या बुद्धाला वंदन करायच्या आणि त्यांना त्यात काही कमी नव्हतं. त्यांच्या चांगुलपणावर आपला शिक्का मारणं म्हणजे त्यांचा अपमान. टिळकांच्या दरबारातले बाप्तिस्मा न झालेले लोक स्वतःहून ख्रिस्ताचं नाव घेऊन आले होते, ते वेगळं. पण शमरोनी माणसाचा दाखला देताना प्रभूने धडा कुणाच्या हातून दिला? परक्याच्या. शिष्याला धडा कुठूनही घेता आला पाहिजे. मी तो त्यांच्याकडून घेतला आणि त्यानंतर कुठल्याच पेशंटला तो प्रश्न केला नाही.

आता तुझ्या कोऱ्या रकान्यांकडे येते. इतक्या वर्षांत मी खाटेवरच्या एकाही माणसाच्या हातात पत्रिका दिली नाही. मंडळीतल्या काहींनी मला त्यावरून ऐकवलं, की एवढी संधी देवाने दिली आणि तू साक्ष देत नाहीस. माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या शिरेत माझी सुई आहे, तो मला नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे देवाची गोष्ट काढणं म्हणजे प्रभूचं नाव दमदाटीला वापरणं. प्रभूने कुणालाही असं कोंडीत धरलं नाही. तो श्रीमंत तरुण खट्टू होऊन निघून गेला, तेव्हा प्रभूने त्याला जाऊ दिलं. घरी जाऊन, बरा होऊन, कुणी आपण होऊन विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही कुठल्या देवाचं करता?’ तर मी सांगितलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आजकाल दोन ख्रिस्ती एका घरात प्रार्थनेला बसले तरी शेजारी विचारतात, किती पैसे मिळाले? अशा दिवसांत घाबरून नाव लपवू नकोस आणि चिडून मिरवूही नकोस. विचारलं तर खरं सांग, न विचारलं तर काम नीट कर.

तिसरं पैशाचं. तुझा पगार आता तुझ्या आजोबांच्या सबंध पेन्शनहून जास्त आहे. दशांश तू मंडळीत देतेस, उत्तम. पण दशांश देऊन उरलेल्या नऊ भागांवर देवाचा हक्क संपला, असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत. ती उपासनेत पहिल्या बाकावर बसतात आणि पेरणीच्या तोंडावर नात्यातल्या माणसाला शेकडा व्याजाने पैसे देतात. परत मिळण्याची आशा नाही अशांना द्या, हे प्रभूचं सांगणं आपण ओवीसारखं सुंदर मानतो आणि व्यवहारात बाजूला ठेवतो. तुझा मामेभाऊ यंदा बियाण्याला पैसे मागेल. द्यायचे तर बिनव्याजी दे, आणि ते आलेच नाहीत तर दिवाळीत त्याच्याशी आधीसारखी बोल. तो रकाना तुझ्या तक्त्यात आहे का, बघ.

आणि एक. सुट्टीत कधी केडगावला जाऊन ये, तुला दौंडकडची लोकल सोपी आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथे बायबलच्या भाषांतराला दिली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत एकेक पान केलं. त्यांच्या तिथल्या आश्रमातल्या बायकांनी छापखान्यात खिळे जुळवले. मधेच, १९२१ साली, एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी प्रुफं तपासणं चालूच राहिलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि सगळं बायबल छापून बाहेर आलं १९२४ साली. परदेशांत गाजलेली ही बाई. तिची मोठी भाषणं लोकांना आठवतात, पण मला ती प्रुफं तपासणारी रमाबाई जवळची वाटते. तिनेही सुट्ट्या पैशांतच दिलं.

तर तू शिष्या आहेस की नाही, याचं उत्तर मी देणार नाही, तुमच्या वर्गाच्या ताईंनीही देऊ नये. ते ज्याच्यामागे चाललो आहोत त्याच्या हातात. पण पुढच्या आठवड्यात वर्गात बोलायची पाळी आली, तर किती जणांना आणलं ते सांगत बसू नकोस. त्यांना तीन गोष्टी विचार: तुमच्यातल्या कुणाला कुणाच्या घरी जेवायला अजून अवघडतं, कुणाचं देणं अजून व्याजासकट मोजता, आणि कुणाला नाही म्हणायला वाव न देता प्रभूचं नाव सांगितलंत? वर्ग थोडा वेळ गप्प बसेल. बसू दे. पहिलं उत्तर तूच दे, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.

तुझ्या आईची गुडघ्याची गोळी बदलली का ते कळव. नाताळला दोन दिवस आधी ये, करोलसाठी पोरं कमी पडतात.

तुझी,
मावशी