बोट देवबागात, मेकॅनिक मारतहळ्ळीत

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या बेंगळूरच्या आउटर रिंग रोडची नदी झाली. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून ऑफिसला निघालेत, सोसायट्यांतून माणसं बोटींनी बाहेर काढताहेत, हे टीव्हीवर बघून कोकणातल्या देवबागच्या आतेभावाचा फोन आला, "बोट धाडू काय रे तुका?" मी मारतहळ्ळीच्या पुलाजवळ, तिसऱ्या मजल्यावर, कोरडाठाक. हसून झाल्यावर तो म्हणाला, "माझी बोट पण आजारी आसा. बॅटरीक कुजक्या अंड्याचो वास मारता, आणि हात लावूक देत नाय इतकी गरम होता."

पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारी त्याची बोट. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्यानंतर ती नुकतीच पाण्यात उतरली होती. आता कळतं की सगळं निदान त्याने त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. बॅटरी जादा चार्ज होऊन उकळायला लागली की असा वास येतो. मी त्यातला एकच शब्द ऐकला, बॅटरी.

"गेली ती, नवी घे," म्हटलं. वर शहाणपण शिकवलं, की पाणी घालायची कटकट नको, मेंटेनन्स-फ्री घे. साध्या बॅटरीतलं पाणी उडालं तर ते पुन्हा भरता तरी येतं, बंद डब्यात ती सोय नाही. तीन आठवड्यांत नव्या बॅटरीच्या दोन्ही कडा बाहेर आल्या. फोटो बघून मला आधी वाटलं, उन्हात ठेवली असेल. तसं मी त्याला बोललोही.

मग व्हिडिओ कॉलवर तपासणी. खाडीत बोट बांधलेली, इंजिन मंद चालू, मल्टीमीटरवर १३.९ व्होल्ट. साडेचौदाच्या आत आहे, चार्जिंग झकास, असा निकाल मी देऊन टाकला. तो म्हणाला, "पर्यटकांक घेऊन मी असा हळू जातंय काय?" प्रश्न बिनतोड होता. फ्लायव्हीलमधले चुंबक स्टेटरच्या कॉइलभोवती जितक्या वेगाने फिरतील तितका करंट जास्त. रेग्युलेटर त्याला वेसण घालतो की नाही, हे वेग वाढवल्याशिवाय दिसणार कसं? दुसऱ्या दिवशी त्याने खाडीत फुल थ्रॉटल मारलं आणि वाऱ्यात ओरडून आकडे सांगितले: सतरा, सोळा, बावीस, परत सतरा. मी मीटरला दोष दिला. स्पार्कच्या गोंगाटात स्वस्त डिजिटल मीटर भरकटतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. पण त्या आडोशाने मी सतरासुद्धा झटकून टाकला.

आता तिसरी चूक. ही सांगायला जड जाते. लहानपणी वडिलांच्या जुन्या गाडीचा डायनामो तपासताना मेकॅनिकने चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपसलेलं मी पाहिलं होतं. काय रुबाब होता त्याचा! तोच रुबाब मी साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवरून करायला गेलो. "इंजिन चालू ठेव आणि प्लसची वायर काढ."

आउटबोर्डमध्ये बॅटरी नुसती साठवणीची टाकी नसते. वर उसळणारं व्होल्टेज तीच पोटात घेते. तिला काढलं की ते थेट बाकीच्यांच्या अंगावर जातं. त्याने वायर काढली. फिशफाइंडरचा पडदा एकदा पांढराशुभ्र झाला आणि विझला. आरपीएमचा काटा शून्यावर जाऊन बसला. बराच वेळ फोनवर फक्त पाण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "गेला."

रेग्युलेटरही गेला होता. ऐन दिवाळीच्या सीझनला तो चार्जिंगच्या वायरी सोडवून, रात्री बॅटरी घरी चार्जरवर लावून बोट चालवत होता. एखाद्या सकाळी तीही दगा देई, मग फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढायची. भाऊबीजेला मी गेलो तेव्हा त्याच्या तळहाताला दोरीचा वळ होता. त्यावर दोघंही काही बोललो नाही. मी मेलेला रेग्युलेटर पिशवीत घालून बेंगळूरला आणला.

मारतहळ्ळीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाक्यांची वायरिंग करणारा एक इलेक्ट्रिशियन बसतो. त्याने रेग्युलेटर उलटा केला, वास घेतला, मीटर लावला. प्रोब इकडून लावा नाहीतर तिकडून, मीटर बीप करत राहिला. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "ब्याटरी बिच्चिद्रा, सार?" म्हणजे, चालू इंजिनवर बॅटरी सोडवली होतीत का?

मी म्हणालो, इल्ला. नाही.

तो हसला. आत सगळं रेझिनमध्ये बुजवलेलं असतं, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, एवढं सांगून त्याने एक बारीक तार चिमटीत धरली. ही कुठे जाते? मला माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावला. आतेभावाने इंजिनचं झाकण काढून तार शोधली. स्टार्टरच्या सोलेनॉइडवर, बॅटरीची जाड केबल येते त्याच बोल्टला ती लावलेली. वरचं रबर सरकवलं तर आत हिरवी भुकटी. बोट लावलं आणि रिंग टर्मिनल हातात आलं.

बॅटरीचं व्होल्टेज किती आहे, हे ती तार रेग्युलेटरला कळवत असते. खाऱ्या वाऱ्याने ती खाल्ली होती. बॅटरी उपाशीच आहे असं समजून रेग्युलेटर ओतत राहिला. त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता, मी त्याला मारीपर्यंत तो ठणठणीत होता. पहिल्याच दिवशी एक टर्मिनल बदललं असतं तर दोन चहांच्या पैशांत काम झालं असतं.

रेग्युलेटर आणि बॅटरीचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले, कुरकुर न करता, आणि मला बरं वाटलं. फिशफाइंडरचे नाही घेतले. "डॉल्फिन काय स्क्रीनीर बघून गावतत?" असं म्हणाला. तो मेलेला पडदा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एस. पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन दुकानांत दाखवला, तिघांनीही परत दिला.

इलेक्ट्रिशियनला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. स्कूटर घेऊन गेलो की तो मान वर करून विचारतो, "बोट हेगिदे, सार?"

"चेन्नागिदे," मी म्हणतो. छान आहे.