आधी माती, मग कारंजं

नव्या उपनगरातल्या बागेचं काम हाती येतं तेव्हा त्या बागेत येणारी निम्मी माणसं अजून तिथे राहायलाही आलेली नसतात. समोरच्या इमारतीचा सातवा स्लॅब पडत असतो, शेजारच्या शेतात मोजणीचे खुंट ठोकलेले असतात, आणि बागेकडे येणारा रस्ता नकाशावर असतो, जागेवर नसतो. अशा ठिकाणी बाग नेमकी कुणासाठी करायची हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. उद्यानरचनेच्या कामात माझं एक मत पक्कं होत गेलं ते यामुळेच. जे नंतर करता येणार नाही ते आधी करावं आणि जे केव्हाही करता येईल ते खुशाल लांबणीवर टाकावं. माती, पाण्याचा उतार, झाडं आणि आत येण्याच्या वाटा नंतर करता येत नाहीत. कारंजं, गझिबो, ओपन जिम, रंगीत दिवे केव्हाही करता येतात. आपल्याकडची बहुतेक अंदाजपत्रकं नेमकी उलट्या क्रमाने लिहिली जातात, कारण उद्घाटनाच्या दिवशी माती कुणाला दिसत नाही.

मुळात जागा हातात असणं हीच पहिली लढाई. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. अशा गावांमधली बाग आधी विकास आराखड्यावरचा एक हिरवा चौकोन असते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ असं सांगतं, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. जमीनमालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती काळ अडकवून ठेवायची? पण उपनगरासाठी ही मुदत निष्ठुर ठरते. लोकवस्ती वाढून बागेची मागणी जोर धरते त्याच सुमारास मुदत संपत आलेली असते आणि जमिनीचा भाव कुणाच्याही आवाक्याबाहेर गेलेला असतो.

आधी वस्ती, मग बागेची जागा हा क्रम उलटा करून दाखवल्याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याची वसाहत आखली तेव्हा मोकळ्या जागा आणि रुंद रस्ते आधी ठरले, इमारती मागाहून उभ्या राहिल्या. पाच उद्यानांचा परिसर आज ज्या सावलीसाठी ओळखला जातो, ती सावली त्या निर्णयाची आहे.

जागेवर गेल्यावर मी नकाशा उघडण्याआधी खड्डा घेते. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका भूखंडावर मार्चच्या उन्हात आम्ही तीन-साडेतीन फुटांचा खड्डा घेतला. वरचा दीड फूट सगळा राडारोडा निघाला. फुटक्या टाइल्स, पीओपीची पांढरी ढेकळं, पाणी लागून दगड झालेलं सिमेंटचं पोतं, नायलॉनच्या दोऱ्या. आजूबाजूच्या बांधकामांचा कचरा टाकायला मोकळा प्लॉट म्हणजे सगळ्यांना हक्काची जागा. त्याखाली मुरूम, टिपरच्या चाकांनी इतका दाबलेला की पहार ठणठण वाजत होती. आणि त्याच्याही खाली काळी माती. ढेकूळ हातात घेतलं तर आत अजून ओल होती. खड्डा घेणारे काका तिथलेच जुने शेतकरी. ते म्हणाले, “मॅडम, आमची पट्टी ही. हरभरा यायचा हितं.” मुरमाच्या थरात आम्ही फूटभर खोल भोक पाडून दोन बादल्या पाणी ओतलं. तासाभराने पाहिलं, तर पाणी जवळपास तेवढंच होतं.

सगळा प्रश्न या पाण्यात आहे. अशा दाबलेल्या मुरमात मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात चांगली माती भरली आणि झाड लावलं, तरी ते झाड दगडी कुंडीतच वाढतं. पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तीच माती भट्टीसारखी तापते. झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन-तीन फुटांत आडव्या पसरतात, पुष्कळदा पानांच्या घेराच्याही पलीकडे जातात. त्यांना बाहेर पडायला वाट नसली की त्या खड्ड्यातच गोल फिरत राहतात. असं झाड वरून टवटवीत दिसतं आणि वळवाच्या एखाद्या वावटळीत मुळासकट आडवं होतं. मग लोक झाडाच्या जातीला दोष देतात.

त्या जागेवर आम्ही राडारोडा उचलला, जेसीबीच्या दातांनी मुरूम आडवा-उभा फोडला, शेणखत मिसळलं आणि पहिल्या पावसावर, न फोडलेली एक पट्टी सोडून, सगळ्या जमिनीत ताग पेरला. फुलावर यायच्या बेतात तो तसाच जमिनीत गाडला. यात एक पूर्ण पावसाळा गेला. एका लोकप्रतिनिधींनी विचारलं, “ताई, बाग कुठाय? इथं तर शेती चाललीय.” प्रश्न बरोबर होता, मतदारांना काय दाखवायचं हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. त्यांना बांधावर नेऊन ताग गाडलेल्या पट्टीत आणि न फोडलेल्या पट्टीत पहार मारून दाखवली. एकीत ती हाताच्या जोराने आत गेली. त्यानंतर त्यांनीच पुढच्या बैठकीत मातीच्या खर्चाची बाजू मांडली.

पाण्याचंही तसंच आहे. एक इंच पाऊस पडला तर एका एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी पडतं. नव्या उपनगरात इमारतींचे प्लॉट भराव घालून उंच केले जातात, रस्ते काँक्रीटचे होतात, सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसतात, आणि हे सगळं पाणी मिळेल त्या ओढ्यात धाव घेतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात काय केलं ते आपण पाहिलं आहे. म्हणून ‘बागेची लेव्हल रस्त्याला जुळवून घ्या’ असं ठेकेदार म्हणतो तेव्हा मी ठाम नाही म्हणते. बाग रस्त्यापेक्षा खालीच हवी. पावसाळ्यात तिचा एक कोपरा दोन दिवस पाण्याखाली गेला तर जाऊ द्यावा. तिथे अर्जुन लावावा, त्याला ओल मानवते.

उन्हाळ्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी एकरामागे वीस हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, रोज. शेजारच्या सोसायट्या पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवत असताना हे मला पटत नाही. त्याच सोसायट्यांच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, प्रक्रिया केलेलं पाणी पुष्कळदा गटारात सोडलं जातं. ती एक पाइपलाइन पहिल्या टप्प्यात टाकून घेतली, तर रोपांचे पहिले दोन उन्हाळे निभावतात. लॉन लहान मुलांना लोळण्यापुरतं ठेवावं.

झाडांबद्दल सध्या मियावाकी पद्धतीचा आग्रह फार होतो. अकिरा मियावाकींचं काम मोठं आहे आणि रस्त्याकडेच्या धुळीच्या पट्ट्यात दाट झाडी करायला मी ती पद्धत वापरतेही. पण चौरस मीटरला तीन-चार रोपं लावलेल्या रानात माणसाला बसता येत नाही. बागेत हवी पसरणारी, एकेकटी वाढणारी सावली. करंज, वावळ, कडुनिंब, मधूनमधून बहावा आणि ताम्हण, पाखरांसाठी एखादा उंबर. रोपं कमरेएवढी चालतात. बारा फुटांची तयार झाडं फोटोत छान दिसतात, पण मुळं छाटलेली असल्याने पहिली दोन-तीन वर्षं रुसून बसतात.

आता माणसांकडे येते. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कशी वावरतात याचं चित्रीकरण करून १९८० मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष साधा होता: बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. शिवाजी पार्कचा कट्टा याची साक्ष गेली कित्येक दशकं देतो आहे. किलोमीटरहून लांब असलेली ती ठेंगणी भिंत हद्दही सांगते आणि बसायलाही बोलावते. नव्या उपनगरात आपण आठ फुटी भिंत बांधतो, एकच फाटक ठेवतो आणि पैसे उरले तर त्याला कमान करतो. माझा आग्रह असतो की ज्या-ज्या बाजूने वस्ती येणार तिथे वाट सोडून ठेवावी, आज पलीकडे शेत असलं तरी.

आणि बाग दुपारी उघडी असावी. अनेक शहरांत ती सकाळी अकराच्या सुमारास बंद होते आणि चारला उघडते. त्या वेळात दोन कामांच्या मधल्या तासाभरात डबा कुठे खायचा हा प्रश्न असलेल्या मावश्या, उन्हातून फिरणारी डिलिव्हरीची मुलं, बांधकामावरच्या बायका लेकरं घेऊन फुटपाथवर बसलेल्या मी पाहते. सावलीतला बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ, वापरता येईल असं शौचालय यांची गरज त्यांना सगळ्यात जास्त आहे. सोसायटीच्या बैठकीत या माणसांच्या वतीने बोलायला कुणी नसतं, म्हणून आराखडा काढणाऱ्याने बोललं पाहिजे. एखाद्या बाकावर कुणी दुपारी आडवं झालं तर रखवालदाराने उठवू नये, हेही मी कामाच्या अटींत लिहायला लावते.

शेवटी प्रश्न माळ्याचा. बांधकामासाठी निधी मिळतो, निगराणीचं कंत्राट मात्र बहुधा थोड्या मुदतीचं निघतं. दरवेळी नवा माणूस येतो, त्याला कुठल्या वाफ्यात पाणी साचतं आणि कुठलं रोप कुठल्या उन्हाळ्यात वाचलं हे ठाऊक नसतं. पाच वर्षांची निगराणी मूळ निविदेतच धरली जावी यासाठी मी दरवेळी भांडते. काही ठिकाणी ते मान्य होतं.

खड्डा घेतला होता त्या भूखंडावर आता करंज दोन पुरुष उंच झाले आहेत. आराखड्यात मध्यभागी खुल्या रंगमंचाची जागा दाखवली होती. ती अजून रिकामी आहे आणि तिथे मुलं क्रिकेट खेळतात. दुसऱ्या टप्प्याची बैठक दिवाळीनंतर आहे. रंगमंचाची तरतूद कमी करून ती रक्कम दुसऱ्या शौचालयाला द्यावी आणि मैदान तसंच राहू द्यावं, असं मी तिथे सुचवणार आहे.