सरडा आहे, पण दिसत नाही

जैसलमेरला आलेला पर्यटक समच्या वाळूवर उंटावर बसतो, सूर्यास्ताचे फोटो काढतो आणि तंबूत जाऊन कालबेलिया नाच बघतो. त्याच वाळूच्या पट्ट्यात एक भन्नाट सरडा राहतो, हे त्याला कुणी सांगत नाही. टोड-हेडेड अगामा. बेडकासारखं बोथट तोंड, म्हणून हे नाव. सीमेच्या अलीकडे-पलीकडे थरच्या वाळूतच तो सापडतो. १९७८ साली शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात लोंगेवाला आलं. १९७१च्या लढाईचं तेच लोंगेवाला.

जीपगाड्यांनी न तुडवलेली टेकाडं गाठायला आम्हाला बरंच चालावं लागलं. वाळू गार असेपर्यंत हे महाशय वर येत नाहीत आणि फार तापली की परत खाली जातात. मधला वेळ तेवढा आपला. सोबतचा गाववाला माग काढत पुढे चालला होता. भुंग्यांचे माग म्हणजे हातशिलाईचे बारीक टाके, सलग गेलेले. सरड्याचा माग मात्र तुटक. तो धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. असा एक माग खींपाच्या झुडपापाशी मध्येच संपला.

"साब, पाँव मत उठाना."

बुटापासून वीतभर अंतरावर तो होता म्हणे. मला नुसती वाळू दिसत होती. मग त्या वाळूने डोळा मिचकावला.

हळूच पालथा पडलो. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, मॅक्रो लेन्स आधीच चढवलेली. या वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर वाळू पेरणं. जवळून पाहिल्यावर त्याची करामत कळली. पिवळट अंगावर काळे-तपकिरी ठिपके, वाळूच्या कणांत कण मिसळावेत तसे. शिवाय अंग इतकं चपटं करून बसलेला, की कडेला सावलीच पडत नव्हती. आपली नजर सावलीवरच तर जनावर हेरते! मागचं सगळं धूसर करून एक देखणा फोटो काढला, पण तो मला खोटा वाटला. मग उभा राहून, टेकाडाच्या उतारासकट, त्याला वाळूत हरवू देणारा काढला.

तेवढ्यात त्याने अंग डावी-उजवीकडे थरथरवलं आणि जागच्या जागी वाळूत बुडाला. दोन सेकंदही लागले नसतील.

"निकाल दूँ?" गाववाल्याने काठी पुढे केली. बरेच फोटोवाले हो म्हणतात. उकरून काढलेल्या जनावराचा फोटो मला नको होता. मी हातानेच नको म्हटलं.

दुसरा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मामांचं उत्तर लगेच आलं : "वाळू छान आहे. पण सरड्याचा फोटो कधी पाठवतोस?"