पाव इंचाची ढील

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स थेट क्रँककेसच्या पाठीला आवळलेला असतो. त्या काळच्या इतर बऱ्याच ब्रिटिश मोटारसायकलींत तो वेगळा बसे. इंजिनाला क्लचशी जोडणारी प्राइमरी चेन ढिली पडली की गिअरबॉक्स खाचेतून मागे सरकवायचा आणि बोल्ट आवळायचे, एवढंच काम. रेडिचच्या रॉयल एनफिल्डने ती सोय काढून टाकली. इंजिन आणि क्लच यांच्यातलं अंतर कायमचं ठरलं, आणि चेनची वाढ सामावून घ्यायचं काम खालच्या पदराखाली बसवलेल्या एका बाकदार पॅडवर येऊन पडलं. 1955 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या भारतीय कंपनीने हीच रचना पुढे चालवली. पॅडखाली एक स्क्रू आणि त्यावर चेकनट. याहून साधी यंत्रणा त्या गाडीत शोधून सापडणार नाही, आणि इतक्या वेळा चुकीची लावलेली यंत्रणाही सापडणार नाही.

पॅड खालीच का, हे ध्यानात ठेवलेलं बरं. गाडी ओढताना इंजिन वरचा पदर खेचतं, खालचा मोकळा राहतो. ॲक्सिलरेटर सोडला की उलटं होतं: चाक इंजिनाला फिरवू लागतं, खालचा पदर ताठ होतो आणि पॅडवर दाबून घासतो. म्हणून घाटाखाली उतरताना गिअरच्या ब्रेकवर चालणाऱ्या गाडीचं पॅड सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर झिजतं. त्यावर चेनच्या दोन रांगांचे चरे पडतात. दोन्ही चरे सारखे खोल असतील तर ठीक. एक खोल आणि एक उथळ असेल तर पॅड तिरकं बसलं आहे किंवा स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत, आणि मग स्क्रू कितीही फिरवला तरी भागत नाही.

मापाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: वरच्या पदराच्या मध्यावर पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर, वरखाली ढील. ती थंड इंजिनावर मोजायची. क्रँककेस ॲल्युमिनियमचा, चेन पोलादाची. तापल्यावर केस जास्त फुगतो, अंतर वाढतं आणि चेन ताणली जाते. पाव इंचातला काही भाग या तापण्यासाठीच राखलेला आहे. इथपर्यंत कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो पाव इंच कुठे मोजायचा, याचा. चेन सगळीकडे सारखी नसते. ती लांबते म्हणतात, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक कडीत ही झीज वेगळी असते. त्यात स्प्रॉकेटही काटेकोर गोल फिरतात असं नाही. 350च्या गाडीत इंजिनाला 25 दात आणि क्लचला 56. या दोन आकड्यांना भाग जाणारा समान अंक नाही. म्हणजे दोन्ही स्प्रॉकेटचे उंचवटे पुन्हा त्याच जागी जुळायला इंजिनाचे 56 फेरे लागतात. चेनच्या कड्या हिशेबात घेतल्या तर हे चक्र आणखी लांबतं. चार जागी बोट लावून «झालं» म्हणणाऱ्याने चार जागा तपासलेल्या असतात, सर्वांत ताठ जागा नव्हे. आणि माप त्या एकाच जागेचं घ्यायचं असतं. तिथे ढील कमी पडली तर क्रँकच्या डाव्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवर भार येतो. त्याचं बिल पॅडच्या किमतीत बसत नाही.

फिरवायची रीतही महत्त्वाची. रोटरच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवलं तर वरचा पदर ताठ होऊन थांबतो, ढील खाली साठते आणि वर बोट फसतं. प्लग काढावा, गाडी मेन स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचं चाक पुढे फिरवावं. मग ढील वर येते. सगळं बसल्यावर चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. हे दुसरं मोजणं टाळणारे निम्म्याहून कमी असतील असं मानायला काही आधार नाही.

याचं कारण तोरा. जुना मिस्त्री पट्टी लावत नाही, बोटाने चेन उचलतो, मान हलवतो आणि गिऱ्हाईक भारावून बघतं. त्या मान हलवण्यात कसब थोडं आणि रुबाब फार. हाताखालचा पोरगा स्टीलची पट्टी धरून मोजू लागला की उस्तादाला ते अपमानासारखं वाटतं, कारण पट्टीचा आकडा बोटाच्या अंदाजाशी नेहमी जुळतोच असं नाही. वय झालेल्या बोटांची तर वर्षानुवर्षं पान्यावर घासून कातडी राठ झालेली असते. कानाचंही तेच. जास्त ताणलेली चेन बारीक, उंच सुरात कुंईं करते, आणि म्हातारपणी नेमके उंच सूरच आधी ऐकू येईनासे होतात. ढिल्या चेनची खडखड मात्र शेवटपर्यंत ऐकू येते. त्यामुळे वयस्क मिस्त्र्याच्या हातून चेन गरजेपेक्षा ताठ बसण्याकडे कल असतो. तो पूर्वीइतकाच नीट ऐकतो, अशी मात्र त्याची पक्की खात्री असते.

सुधारणेच्या नावाखाली बाजारात बरंच काही मिळतं. पुण्याच्या नाना पेठेत हातात पडणारी सगळी पॅड एकसारखी नसतात. वक्र जुळत नाही, तर कधी खालचा टेका स्क्रूच्या टोकावर नीट बसत नाही. लेथवाल्याकडून नायलॉनचं पॅड कातून घेतात. आवाज कमी होतो हे खरं, पण गरम ऑइलमध्ये ते नायलॉन किती टिकेल हे त्याच्या जातीवर अवलंबून, आणि ती जात लेथवाल्यालाही ठाऊक नसते. चेन काढून बेल्ट बसवणारेही आहेत. बेल्टला ऑइल चालत नाही. मग क्लच कोरडा चालवावा लागतो आणि दोन पुलींची रेघ चेनपेक्षा कडक लागते. भर गर्दीत क्लच दाबून रांगणाऱ्या गाडीला हा सौदा परवडत नाही. कंपनीने पुढच्या एकसंध इंजिनांत ताण आपोआप राखणारा टेन्शनर दिला, आणि 2020 साली आलेल्या मीटिऑर 350मध्ये प्राइमरी चेनच काढून गिअर घातले. नवी पिढी हा स्क्रू ओळखत नाही, यात तिचा काही दोष नाही. पण आपोआप चालणाऱ्या टेन्शनरचा एक तोटा उरतोच: झिजलेली चेन तो बराच काळ लपवतो.

जुन्या बुलेटचा स्क्रू काही लपवत नाही. त्याचे आटे संपत आले आणि ढील तरीही पाव इंचाच्या वर राहिली, तर पॅडखाली वायसर घालणं किंवा पॅडवर वेल्डिंग चढवणं म्हणजे फसवणूक. तिथे पॅड नव्हे, चेन बदलायची, आणि दातांना आकड्यासारखा बाक आला असेल तर दोन्ही स्प्रॉकेटही तिच्याबरोबर.