सोळा चाकांची आगोट

लडाख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जून-जुलै, निळं आकाश, बुलेटवरचा ग्रुप फोटो आणि 'जुले!' बस्स. सप्टेंबर संपला की आपल्या दृष्टीने लडाखचं शटर डाउन! पण ज्या गाड्यांवर बसून आपण तिथे किंचाळतो, त्या गाड्या पुढचे सहा महिने असतात कुठे? हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरला गेले. सीझन संपल्यावर खोली स्वस्त मिळते, हे खरं कारण. लेहहून खारदुंग ला ओलांडून जायचं. (हा जगातला सगळ्यात उंच रस्ता, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पाटीवर १८,३८० फूट होते, जीपीएसने मोजलं तर ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. थंडी मात्र पूर्ण मापाची भरते.) पलीकडे उतरलं की डिस्किटचा मठ, ३२ मीटर उंच मैत्रेय बुद्ध आणि मग अचानक वाळू. डोंगरांच्या कुशीत वाळवंट! मध्ये सीबकथॉर्नची काटेरी झुडपं आणि रेशीममार्गाच्या काफिल्यांतून मागे राहिलेल्या दोन मदारींच्या उंटांचे वंशज.

याच वाळूवर उन्हाळ्यात एटीव्ही धावतात. चार जाडजूड चाकांची ती मोटारसायकल, सोलंगला किंवा गोव्याला बघितली असेल. मला स्वतःला हा प्रकार फारसा झेपत नाही. इतक्या शांत जागी एवढा आवाज कशाला? पण मी ज्या होमस्टेमध्ये उतरले होते, तिथल्या मालकाचं घरच या चार एटीव्हींवर चालतं. दोन कर्जाच्या. मुलगी चंदीगडला हॉस्टेलमध्ये, तिची फी याच सोळा चाकांवर. त्यामुळे माझं मत मी गुरगुर चहाबरोबर गिळलं.

त्यांना मी 'अचो-ले' म्हणायचे, म्हणजे आपलं 'दादा'. ते मला 'मॅडम'. हिंदीत गप्पा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघते तर घराघरांत नुसती लगबग. छपरांवर वैरणीचे भारे रचलेले, सलगम मातीत पुरायला काढलेले, बुखारीसाठी लाकडं फोडणं चालू. मला एकदम मामाचं घर आठवलं. मेच्या शेवटी कोकणात जी आगोटीची घाई असते ना, पापड, सुकी मासळी, सरपण, आणि किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या? अगदी तीच. फक्त इथे पावसाऐवजी उणे पंधरा-वीस, आणि होडीच्या जागी एटीव्ही!

अचो-लेंचा फंडा क्लिअर होता. आधी आंघोळ. हुंडरची वाळू पिठासारखी बारीक, ती चेनमध्ये, ब्रेकमध्ये, एअर फिल्टरमध्ये, कुठेही घुसते. धुऊन दिवसभर उन्हात वाळवायचं, कारण राहिलेला थेंब रात्री बर्फ होतो. मग इंजिन ऑइल बदलायचं. मी म्हटलं, उन्हाळ्यात गाडी चालवायच्या आधी बदला ना, आता कशाला नवं ऑइल वाया घालवता? ते हसले. वापरलेल्या ऑइलमध्ये जळक्या पेट्रोलचं आम्ल आणि ओलावा उतरलेला असतो, सहा महिने तो तसाच बेअरिंगला चिकटून बसतो. नवं ऑइल आत्ताच लागतं.

पेट्रोलचीही गंमत आहे. टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा आणि हवेतला ओलावा राहत नाही. पण कार्ब्युरेटर मात्र पूर्ण रिकामा करायचा. त्यात राहिलेलं थोडंसं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट डिंक उरतो आणि केसाएवढं भोक असलेला जेट बुजतो. हे ऐकताना मला माझी स्कूटर आठवली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तीन महिने पार्किंगमध्ये उभी होती, नंतर मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडून मला जे दाखवलं ते मोरावळ्याच्या पाकासारखं होतं. शिवाय उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते वेगळंच. उंदरांचा बंदोबस्त इथेही आहे. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी!

गाड्या ठेवायच्या कुठे? जुन्या लडाखी घरात तळमजला जनावरांचा. त्यांची ऊब वरच्या स्वयंपाकघराला मिळते. पहिल्या वर्षी अचो-लेंनी एटीव्ही सरळ गायींच्या शेजारी लावल्या, ऊब मिळेल म्हणून. एप्रिलमध्ये नटबोल्ट गंजलेले! गायींचा श्वास आणि गोमूत्राचा अमोनिया, दोन्ही लोखंडाचे वैरी. म्हणून मग मध्ये मातीच्या विटांची भिंत उभी राहिली. पलीकडे गायी, अलीकडे एटीव्ही. खाली लाकडी ठोकळे, म्हणजे चाकं अधांतरी राहतात. या टायरमध्ये हवा जेमतेम ५ पीएसआय, आपल्या बाइकच्या टायरमध्ये २५-३० असते. एका जागी उभं राहिलं तर टायर खालून चपटे होतात. वरून जुन्या सुती चादरी. प्लास्टिक नाही, आत घाम धरतो.

आणि बॅटऱ्या? त्या स्वयंपाकघरात, बुखारीपासून चार हात लांब फळीवर, पितळी भांड्यांच्या रांगेखाली! पूर्ण चार्ज बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठून फुटते. म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंग.

हे सगळं छान चाललं होतं. मग अचो-लेंनी एक छोटी पिचकारी काढली. कूलंट तपासायची, आत रंगीत गोळ्या. रेडिएटरमधलं पाणी ओढायचं, जितक्या गोळ्या तरंगतील तितकी थंडी गाडी सोसेल. पहिल्या तीन गाड्यांत सगळ्या तरंगल्या. चौथीत एकच.

अचो-ले काही बोलले नाहीत. मदतनीस पोरगा जमिनीकडे बघत होता. ऑगस्टमध्ये पाइप गळत होता म्हणे, गिऱ्हाईक रांगेत उभं, त्याने साधं पाणी ओतलं. दोन-तीनदा. आदल्या हिवाळ्यात असंच एक इंजिन गेलं होतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, आणि त्याला जागा दिली नाही तर ते लोखंडातून जागा करून घेतं. ब्लॉकला बोटभर तडा. अर्ध्या सीझनची कमाई त्या तड्यात गेली होती.

सगळं काढून टाका ना, मी सुचवलं. काढलं तरी पंपात, कोपऱ्यात थोडं राहतंच, अचो-ले म्हणाले. धुऊन नवं कूलंटच हवं. गावात नव्हतं, डिस्किटलाही नाही. फोनाफोनी झाली. लेहहून दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळखीचा टॅक्सीवाला निघणार होता, पण खारदुंग लाच्या माथ्यावर ढग उतरले होते. बर्फ पडला तर किती दिवस, कोण सांगणार? त्या रात्री बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. गाडीचं पाणी आम्ही संध्याकाळीच काढलं होतं, तरी अचो-ले रात्री दोनदा टॉर्च घेऊन खाली गेले. काय बघायला गेले होते, मी विचारलं नाही.

टॅक्सी आली ती दुसऱ्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर. चाकांना साखळ्या, टपावर बर्फ, सीटखाली हिरव्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन. अचो-लेंनी टॅक्सीवाल्याच्या हातात आधी चहा दिला, मग कॅन घेतला. टॉर्चच्या उजेडात रेडिएटर भरला, एक बॅटरी वरून आणून जोडली, इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट उघडून कूलंट आतपर्यंत फिरायला हवं, म्हणून दहा-बारा मिनिटं चालू ठेवलं. भिंतीपलीकडे एक गाय हंबरली. पिचकारी परत आत गेली. सगळ्या गोळ्या वर!

पोराने मग न सांगता कार्ब्युरेटर रिकामा केला, सायलेन्सर निवल्यावर घासणी कोंबली आणि हँडलला लाल चिंधी बांधली. एप्रिलमध्ये घासणी न काढता कोणी स्टार्टर मारू नये म्हणून. अचो-ले बॅटरी घेऊन वर आले तर वहिनींनी फळीवर खंबीर रोट्यांची परडी ठेवलेली. थोडी बाचाबाची झाली. बॅटरी एक फूट डावीकडे सरकली.