विश्वासाचे मेज

साइडबोर्डाला इटालियन भाषेत ‘क्रेदेन्झा’ म्हणतात. मूळ लॅटिन धातू ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे; मिस्सेतील ‘क्रेदो’ त्याचाच. पूर्वी इटलीतील श्रीमंतांच्या घरी सेवक अन्न आधी चाखून ते निर्विष असल्याची खात्री देत. त्या खात्रीचे नाव पुढे मेजाला मिळाले. वेदीशेजारी द्राक्षारस व पाणी ठेवतात, त्या मेजाचे नावही त्याच मुळाचे.

गेल्या वर्षी एका घरी आजोबांचा सागवानी साइडबोर्ड ओटीवर बेवारस उभा दिसला. वाटणीवरून दोघे भाऊ एकमेकांकडचे पाणीही पीत नव्हते. रविवारी मात्र दोघेही आमच्या हातून परमप्रसाद स्वीकारतात. आम्ही गप्प राहिलो, ही आमची चूक. वेदीशेजारच्या मेजावरून पाणी घेताना ती आठवते. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही दोघांचीही दारे ठोठावणार आहोत.