घरातली ओल

पावसावर आपल्या वाङ्मयात जितके लिहिले गेले आहे तितके ओलीवर लिहिले गेलेले नाही, आणि याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. पाऊस वाजतगाजत येतो. तो दिसतो, ऐकू येतो, मातीच्या वासाने स्वतःची वर्दी देतो. ओल ही त्याच्या मागून येणारी मुकी पाहुणी. ती केव्हा आली, कोणत्या दाराने आली आणि कोठे बसली याचा घरच्या माणसांना पत्ताही नसतो. मग एके दिवशी कपाटातली चामड्याची चप्पल बाहेर काढावी, तो तिच्यावर पांढरी लव उगवलेली असते. न्हाणीघराचे दार चौकटीत रुतून बसते. दुपारी तळलेला पापड संध्याकाळी वातड होतो आणि मंगळागौरीसाठी काढलेल्या शालूच्या घडीतून कुबट वास येतो. तेव्हा कोठे आपल्या ध्यानात येते की, पाहुणीने घरात बिऱ्हाडच थाटले आहे.

तिची वर्दी देणारी एक वस्तू मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात असते. ती म्हणजे मिठाची बरणी. आषाढ लागला की मीठ पाझरू लागते हे आमच्या आजीला ठाऊक होते, आणि म्हणूनच ती त्यात तांदळाचे चार दाणे टाकीत असे. शास्त्रज्ञांनी या पाझरण्याला आकडा दिला आहे. हवेत जितकी वाफ मावू शकते तिच्या शेकडा 75 वाफ तिच्यात भरली की शुद्ध मीठ त्या हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते याच्याही आधी ओलावते. म्हणजे जिला आपण साधी बरणी समजतो ती खरोखर एक मापनयंत्र आहे. फक्त ते वाचावयास शिकले पाहिजे.

ठाण्याच्या ज्या भागात आम्ही राहतो त्याचे नाव खोपट. खोपट म्हणजे गवताने शाकारलेली, कुडाच्या भिंतींची लहानशी झोपडी. अशा झोपडीत पाऊस गळत असेल, वारा शिरत असेल, पण ओल मुक्कामाला राहत नसे. कुडातून हवा जाई-येई आणि चुलीचा धूर रात्रंदिवस छपराला शेकीत असे. आज या भागात एस.टी.च्या डेपोभोवती सिमेंटच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. एका बाजूस सिद्धेश्वर तलाव, पलीकडे ठाण्याची खाडी आणि डोक्यावर चार महिने ढग. अशा ठिकाणी बंद घराच्या हवेत किती पाणी असावे? सहाशे चौरस फुटांची, नऊ फूट उंचीची जागा धरली, तर तीत सुमारे 153 घनमीटर हवा मावते. पावसाळ्यातली 28 अंशांची, शेकडा 85 ओलाव्याची हवा असेल, तर या हवेत साडेतीन लिटर पाणी तरंगत असते. पाण्याने भरलेली साडेतीन लिटरची कळशी आपल्या डोक्यावर अदृश्य रूपाने टांगलेली आहे, आणि तिच्याखाली आपण जेवतो, झोपतो, पुस्तके वाचतो!

पुस्तकांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. ज्या गावात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, त्या गावातल्या गृहस्थाला ग्रंथ जमविण्याची हौस असावी यात नवल नाही. आमच्या वडिलांना ती होती. त्यांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे असत, कडुनिंबाचा पाला असे, आणि दसरा झाला की सारी पुस्तके गच्चीवरच्या उन्हात ओळीने मांडण्याचा सोहळा असे. हे उपाय किड्यांसाठी चांगले होते. परंतु श्रावणात ऊन आणावे कोठून? आणि पुस्तकांना दसऱ्यापर्यंत थांबता येते, माणसाला येत नाही. आईचा दमा दर पावसाळ्यात वाढू लागला. रात्री दोनच्या सुमारास ती उठून पलंगाच्या कडेला बसे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. आणि तिच्या श्वासाची ती शीळ ऐकत आम्ही शेजारच्या खोलीत जागे असू. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण हवा तुम्हाला बदलली पाहिजे." बुरशी आणि गादीतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे ओलाव्यावर पोसतात. ओलावा शेकडा पन्नासाच्या आसपास राखला, तर त्यांचे फार दिवस निभत नाही.

अशा रीतीने ओल खेचणारे यंत्र आमच्या घरात आले. अमेरिकेत अशी यंत्रे तळघरात बसवितात आणि पत्र्याच्या नळांतून साऱ्या घराची हवा त्यांच्यातून फिरवितात. आपल्याकडे तळघर कोठले? जुन्या पत्र्याच्या ट्रंकेएवढे, चाकांवर चालणारे एक यंत्र आम्ही खोल्यांमधल्या बोळात ठेवले आणि आतली सारी दारे उघडी टाकली. त्याचे काम समजावयास फार विद्या लागत नाही. थंड पाण्याचा तांब्या ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो, तेवढेच तत्त्व. पंखा घरातली हवा ओढतो. ती आधी थंडगार नळ्यांवरून जाते आणि तिच्यातले पाणी तेथे ठिबकते. मग तीच हवा गरम नळ्यांवरून जाऊन कोरडी व कोमट होऊन बाहेर पडते. वातानुकूलित यंत्र गरम नळ्या खिडकीबाहेर ठेवते, हे घरातच ठेवते. म्हणून याने खोली थंड होत नाही, उलट किंचित तापते. वाफेचे एक लिटर पाणी होताना वाफेने पोटात दडविलेली उष्णता बाहेर पडते, आणि ती विजेच्या दोन-तृतीयांश युनिटाइतकी असते. वर यंत्राने खाल्लेली वीज ती निराळीच.

गंमत अशी की, सुखासाठी म्हणून आपण ज्या थंड हवेच्या यंत्राचा गौरव करतो त्याचा जन्म ओलीच्याच तक्रारीतून झाला. 1902 साली न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन येथील एका छापखान्यात ओलाव्याने कागद फुगे, आक्रसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग आपली जागा चुकत. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या अभियंत्याने त्या छापखान्याची हवा ठरावीक ओलाव्याला बांधून ठेवण्याची योजना आखली. मुंबईच्या कापडगिरण्यांची रीत याच्या अगदी उलट होती. तेथे कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून दमट हवा हवीहवीशी. सुताला जी ओल सांधते तीच पुस्तकाची बांधणी उसवते. वस्तुतः ओल वाईट नव्हे. प्रत्येक वस्तूला तिची तिची मर्यादा आहे इतकेच.

दोन पावसाळे यंत्राने निमूटपणे काम केले. सकाळी त्याची टाकी रिती करणे हा आईचा नित्यनेम झाला. ते पाणी पिण्याचे नव्हे, कारण धूळ व धातूचे अंश त्यात उतरतात. ती त्याने फरशी पुसावयास लावी. घरच्या हवेत साडेतीन लिटर पाणी आणि टाकीत मात्र रोज सात-आठ लिटर, हे कोडे तिला पडे. त्याचे उत्तर साधे आहे. भिंती, गाद्या, वाळत घातलेली लुगडी, उकळणारा भात आणि दाराच्या फटी हवेला पुनःपुन्हा पाणी पुरवीत असतात. मग तिसऱ्या वर्षी जुलै महिन्यात टाकी निम्मीच भरू लागली, पुढे पावही भरेना. यंत्र घरघरत होते, दिवा लागत होता. परंतु आई म्हणाली, "ते चाललं आहे खरं, पण मीठ पाझरतं आहे." त्याच आठवड्यात रात्रीची शीळ परत ऐकू येऊ लागली.

जेथून यंत्र घेतले त्या दुकानाचा माणूस आला. त्याने झाकण काढून नळ्यांवर साचलेले बर्फ पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "गॅस गेला आहे. भरून उपयोग नाही, नवीनच घ्या." भर पावसात नवे यंत्र येईपर्यंत आईच्या रात्रींचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नव्हता.

शेजाऱ्यांनी दुसऱ्या एका कारागिराचे नाव सुचविले. हे साठीचे गृहस्थ आयुष्यभर शीतपेट्या दुरुस्त करीत आलेले. त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. यंत्र चालू करून ते समोर मोड्यावर बसले आणि पाऊण तास नुसते पाहत राहिले. आईला वाटले, यांना काही सुचत नाही. ती म्हणाली, "चहा घेता का?" ते म्हणाले, "घेतो, मावशी. पण बर्फ कुठून धरतं आहे ते आधी पाहू द्या."

त्यांच्या पाहण्यातले मर्म त्यांनी चहा पिताना उलगडले. गॅस कमी झाला असता, तर तो ज्या टोकाने शिरतो तेथेच थोडे बर्फ धरले असते आणि पुढच्या नळ्या कोमट राहिल्या असत्या. येथे बर्फ सगळ्या नळ्यांवर सारखे पसरले होते. अर्थात गॅस पुरेसा आहे. नळ्यांवरून हवाच पुरेशी जात नाही. हवा गेली नाही की नळ्यांची थंडी खर्च होत नाही, पाणी ठिबकण्याऐवजी गोठते, आणि गोठलेले पाणी उरलेल्या हवेची वाट अडविते. तेव्हा प्रश्न एवढाच राहिला की, हवा अडते कोठे?

त्यांनी यंत्राची वीज तोडली, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज जपून उतरविली आणि मगच आत हात घातला. जाळी स्वच्छ होती. ती दर पंधरवड्याला धुतली जात असे. पण जाळीतून निसटलेला कापडाचा बारीक तंतू नळ्यांच्या पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसला होता, आणि ओलाव्याने त्याचा नमदा झाला होता. मऊ ब्रशाने, पत्र्यांच्या उभ्या रेषेत, साबणाच्या कोमट पाण्याने त्यांनी तो सोडविला. वाकलेले पत्रे बारीक फणीने सरळ केले. नंतर पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो मोकळा होता, पण विजेवर मंद फिरे. त्याचा कपॅसिटर अशक्त झाला होता. शंभर रुपयांच्या आतली ती डबी त्यांनी बदलली. शेवटी पाणी वाहून नेणारी रबरी नळी पाहिली. तिच्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर होता. ती गरम पाण्याने धुऊन, मध्ये कोठेही झोळ राहणार नाही अशी उताराने लावली. "झोळात पाणी उभं राहतं आणि उभ्या पाण्यात घाण धरते," एवढे त्यांचे भाष्य.

गॅसविषयी मात्र ते बरेच बोलले. गॅस ही पेट्रोलासारखी संपणारी वस्तू नव्हे. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर गळती आहे असाच अर्थ. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय अशा यंत्रांत सर्रास वापरले जाणारे वायू पृथ्वी तापविण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक समर्थ आहेत. त्यांचा वापर घटविण्यासाठी 2016 साली किगाली येथे राष्ट्रांनी करार केला. तेव्हा "गॅस गेला" हे वाक्य उच्चारणाऱ्याने तो कोठून गेला हेही दाखविले पाहिजे.

जाता जाता त्यांनी आम्हाला एक परीक्षा शिकविली. यंत्रावर उमटणारा ओलाव्याचा आकडा खरा की खोटा हे कसे ओळखावे? वाटीत मीठ घ्यावे, ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, आणि ओलावा मोजणारे लहान घड्याळ त्या वाटीशेजारी ठेवून दोन्ही एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर बंद करावी. सकाळी काटा 75 वर असला पाहिजे. मग या पडताळलेल्या घड्याळाशी यंत्राचा आकडा ताडून पाहावा. आजीच्या बरणीचे ज्ञान असे या कारागिराच्या तोंडून आमच्या घरी परत आले, याचा आईला फार आनंद झाला.

दुरुस्तीच्या विद्येविषयी मला तेव्हापासून निराळाच आदर वाटू लागला आहे. सुटे भाग बदलणे हा तिचा शेवटचा आणि सोपा अंश. तिचे खरे अंग म्हणजे निदान. दुकानाच्या माणसाने आणि या कारागिराने पाहिले ते बर्फ एकच होते. एकाने ते आहे एवढेच पाहिले, दुसऱ्याने ते कोठे आहे हे पाहिले. वैद्य नाडीवर बोटे ठेवून थांबतो ते थांबणे आणि त्यांचे पाऊण तासाचे बसणे यांत मला अंतर दिसत नाही. वस्तू मोडली की टाकावी ही रीत जसजशी रूढ होत जाईल, तसतसे हे थांबणे कोणाला परवडेनासे होईल. नवे यंत्र पैसे देऊन मिळते. बर्फ वाचणारी नजर एका आयुष्यात तयार होते.

यंत्राने पाऊस जिंकला असे समजण्याचे मात्र कारण नाही. ते चालते तोवर खिडक्या मिटून घ्याव्या लागतात आणि श्रावणातले ऊन-पावसाचे खेळ काचेआडून पाहावे लागतात. विजेचे बिल वाढते. म्हणून आईने आपला नियम ठरविला आहे: उघडीप पडली, वारा कोरडा लागला की बटण बंद आणि खिडक्या सताड उघड्या. दसऱ्यानंतर टाकी पुसून, नुसता पंखा काही तास चालवून आतल्या नळ्या सुकवावयाच्या, आणि जुन्या चादरीच्या खोळीत यंत्र उभेच ठेवावयाचे. मग गच्चीवर पुस्तके मांडण्याचा सोहळा पूर्वीप्रमाणे होतो. त्या उन्हाला कोणत्याही यंत्राची सर नाही, आणि त्याचे बिलही येत नाही.